देह किती सुधारायचा?

देह हे परमेश्वराने दिलेले साधन आहे, ते नीट राखावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राखणे म्हणजे काय, हेही आपल्याला ठाऊक असते. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, नियमित व्यायाम आणि आजारपणात औषधोपचार. परंतु आजचे वैद्यकशास्त्र राखण्याच्या पुष्कळ पुढे गेले आहे. नाक, हनुवटी, पोट आणि केस यांच्याबरोबर आता पायाच्या पोटऱ्यासुद्धा हव्या तशा भरदार करून मिळतात. म्हणून साधकासमोर एक नवा प्रश्न उभा राहतो. देह किती सुधारायचा? सुधारण्याची इच्छा कुठवर निर्दोष असते आणि कुठून पुढे ती देहबुद्धीची चाकरी होते?

म्हैसूरमधील सरस्वतीपुरम ही जुनी, झाडांनी भरलेली वस्ती आहे. विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर आणि कुक्करहळ्ळी तलाव जवळच असल्याने येथे विद्यार्थ्यांची सतत वर्दळ असते. येथे राहणाऱ्या एका मराठी आईने मला हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "ताई, मुलगा वीस वर्षांचा आहे. अभ्यासात चांगला आहे, वागायला गुणी आहे. पण दोन वर्षे झाली, त्याने अर्धी चड्डी घातलेली नाही. पोहायला जायचा, तेही सोडले. पोटऱ्या काटकुळ्या आहेत म्हणतो. आता शस्त्रक्रिया करून घ्यायची म्हणून हट्ट धरला आहे. मी त्याला म्हटले, बाळा, तू देह नाहीस, आत्मा आहेस. तर म्हणाला, मग आई, तू केस का रंगवतेस?"

मुलाचे उत्तर उद्धट वाटेल, पण ते टाळून चालणार नाही. आपण स्वतः देहाची सजावट करतो आणि मुलांना आत्मज्ञान सांगतो, ही विसंगती तरुणांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांना शास्त्रवचनाने गप्प बसवता येते, पण त्याने प्रश्न सुटत नाही. तेव्हा हा विषय थोडा मुळातून पाहू या.

शस्त्रक्रियेत काय केले जाते?

पोटरी मुख्यतः दोन स्नायूंनी बनते. त्वचेलगतचा दोन डोक्यांचा स्नायू बाहेरून दिसणारा उभार देतो आणि त्याखालचा रुंद, चपटा स्नायू दीर्घकाळ उभे राहण्याचे व चालण्याचे काम पेलतो. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आकुंचन पावून पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणूनच पोटरीला काही जण दुसरे हृदय म्हणतात. स्नायू किती खालपर्यंत उतरतो आणि त्याचा कंडरा किती लांब आहे, हे बव्हंशी जन्मतः ठरलेले असते. त्यामुळे एकाच तालमीत सारख्याच बैठका मारणाऱ्या दोघांच्या पोटऱ्या सारख्या होत नाहीत.

पोटरी भरदार करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात गुडघ्याच्या मागच्या घडीत काही सेंटिमीटरचा छेद घेऊन, स्नायूवरील आवरणाखाली जागा करून, तेथे सिलिकॉनचा लांबट तुकडा बसवतात. आकार लगेच दिसतो. त्यानंतर काही दिवस चालणे अवघड जाते आणि काही आठवडे धावणे, जड व्यायाम बंद ठेवावे लागतात. दुसऱ्या मार्गात पोटावरची किंवा मांडीवरची चरबी काढून, ती शुद्ध करून, पोटरीत थोडी थोडी टोचतात. यात परकी वस्तू शरीरात राहत नाही. मात्र टोचलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून हा उपचार पुन्हा करावा लागू शकतो.

आता परिणामांकडे पाहू. निष्णात हातांनी आणि योग्य व्यक्ती निवडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बरेच रुग्ण समाधानी असल्याचे शल्यविशारदांनी नोंदवले आहे. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. भीती घालून कोणालाही वैराग्य शिकवता येत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाणी साठणे, जंतुसंसर्ग, तुकडा जागचा सरकणे, त्याभोवती शरीराने कठीण आवरण तयार करणे, कडा बाहेरून दिसणे, त्वचा बधिर होणे आणि छेदाचा व्रण काळपट किंवा जाड होणे, असे त्रास होऊ शकतात. क्वचित बंद कप्प्यातील दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी तातडीने उपचार झाले नाहीत तर कायमची हानी होते. चरबी काढण्याची क्रियाही दिसते तितकी किरकोळ नाही. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चरबी कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर २१ वर्षांची एक कन्नड मालिकांतील अभिनेत्री मरण पावली. ती शस्त्रक्रिया पोटरीची नव्हती, परंतु निरोगी शरीर स्वेच्छेने शस्त्राखाली ठेवताना काय पणाला लागते, हे त्या घटनेने घरोघरी कळले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सिलिकॉनने पोटरीचा घेर वाढतो, बळ वाढत नाही. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या चढताना ती पोटरी पूर्वीइतकीच दमते. म्हणजे येथे पायाची चाल सुधारत नाही, पायाचे दर्शन सुधारते. मग दर्शनासाठी केलेली गोष्ट आपोआप चुकीची ठरते का? घाईने होय म्हणण्यापूर्वी आपल्याच इतिहासातील एका माणसाची आठवण काढू या.

कावसजीचे नाक

सरस्वतीपुरमपासून श्रीरंगपट्टण फार दूर नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर एक मराठा बैलहाक्या होता. त्याचे नाव इंग्रजी वृत्तांतात कावसजी असे आले आहे. तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला, असे तो वृत्तांत सांगतो. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना वावरला. पुढे पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले.

त्या कारागिराने प्रथम मेणाचे नाक करून चेहऱ्यावर बसवून पाहिले. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याच्या कडेने तेवढी त्वचा सोडवली. भुवयांमधील एक पट्टी मात्र जोडलेली ठेवली, म्हणजे त्वचेला रक्त मिळत राहील. ती त्वचा फिरवून खाली आणली, जुन्या व्रणाच्या कडा ताज्या करून त्यात बसवली आणि काथाचा लेप लावून पट्टी बांधली. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सारी हकिगत छापून आली. ती वाचून पुढे जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याच्या त्या अनाम कारागिराचे स्थान फार मोठे आहे. त्याच्या मागे सुश्रुतसंहितेपासूनची परंपरा होती. सुश्रुताने पानाने माप घेऊन गालाच्या त्वचेपासून नाक करण्याची कृती सांगून ठेवली आहे.

आता विचार करा. कावसजी नाकाविना जगू शकत होता. तो श्वास घेत होता, जेवत होता. नव्या नाकाने त्याचा हात परत आला नाही. मग त्याने वेदना सोसून नाक का करून घेतले? आपल्या भाषेत याचे उत्तर तयारच आहे. नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे. ज्याने नाक कापायची शिक्षा शोधून काढली, त्याला माणसाला ठार मारायचे नव्हते, लोकांत तोंड दाखवण्याजोगे ठेवायचे नव्हते. कावसजीने परत मिळवले ते श्वासाचे इंद्रिय नव्हते, तर चारचौघांत उभे राहण्याचा हक्क होता. म्हणजे ती शस्त्रक्रियाही दर्शनासाठीच होती. तिला आपण देहासक्ती म्हणू का? मला नाही वाटत कोणी म्हणेल.

म्हणून 'उपचारासाठी केले तर योग्य, रूपासाठी केले तर अयोग्य' ही सोपी रेघ टिकत नाही. पोटरीच्या बाबतीतही तसेच आहे. या शस्त्रक्रियेचे पहिले वृत्तांत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आजाराने किंवा इजेने वाळलेला पाय भरून काढणे हा तिचा एक मोठा हेतू होता. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु त्या आजाराने एक पाय वाळलेली माणसे आज आपल्यातच आहेत. जन्मजात वाकड्या पावलावर उत्तम उपचार झाले तरी त्या बाजूची पोटरी आयुष्यभर बारीकच राहते. अशा एखाद्या मुलीने दोन्ही पाय सारखे दिसावेत अशी इच्छा धरली, तर तिला देहाच्या नश्वरतेवर प्रवचन देणे ही आध्यात्मिकता नव्हे. ती आपल्या मनाची कोरडी बाजू आहे.

मग फरक कशात आहे?

फरक शस्त्रक्रियेत नाही, तिच्यामागच्या गरजेच्या स्वभावात आहे. काही गरजा भागल्या की शांत होतात. कावसजीला नाक मिळाले आणि तो पुन्हा माणसांत गेला. उद्या त्याला आणखी सरळ नाक हवे झाले, असे आपण कुठे वाचत नाही. काही गरजा मात्र भागवल्या की वाढतात. आज पोटरी, मग मांडी, मग खांदे, मग जबडा. पहिल्या प्रकारात माणूस देहाचा विचार करण्यातून मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारात तो देहाला अधिक जखडला जातो. देहबुद्धी म्हणजे देहाची काळजी घेणे नव्हे. 'मी म्हणजे एवढेच' असे मनाने धरून बसणे, ही देहबुद्धी आहे. आरशासमोर तासभर बसणारा आणि आरसा फोडून टाकणारा, दोघांच्याही मनात आरसाच असतो.

वैद्यकशास्त्रालाही हा फरक ठाऊक आहे. १८९१ मध्ये एन्रिको मोर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांना आपल्या सर्वसाधारण शरीरात भयंकर व्यंग दिसते. आज हा एक मानसिक विकार म्हणून मान्य आहे. अशी व्यक्ती दिवसातून अनेकदा तोच अवयव तपासते, लपवते, इतरांशी तुलना करते, बाहेर जाणे टाळते. विशेष म्हणजे सौंदर्यशस्त्रक्रियेने तिचे दुःख सहसा कमी होत नाही. एक अवयव सुधारला की मन दुसऱ्याला धरते. म्हणूनच विवेकी शल्यविशारद अशा व्यक्तीला प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. दोन वर्षे पाय झाकून राहणाऱ्या त्या मुलाच्या बाबतीत हा धोक्याचा इशारा असू शकतो. तो लाडावलेला आहे किंवा संस्कार कमी पडले, असे समजून आईने स्वतःला दोष देऊ नये. तो आजारी असेल तर त्याला रागाची नव्हे, उपचारांची गरज आहे.

या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे, तिचा विचार फार कमी होतो. नैतिक निर्णय आपण 'माझे शरीर, माझा पैसा' एवढ्यावर तोलतो. पण सौंदर्याचे माप सर्वांचे मिळून ठरते. व्यायामशाळेत दहापैकी चौघांच्या पोटऱ्या शस्त्रक्रियेने भरल्या, तर उरलेल्या सहांच्या नैसर्गिक पोटऱ्या एका रात्रीत 'बारीक' होतात. त्यांचे काहीच कमी झालेले नसते, फक्त माप सरकलेले असते. वाळलेला पाय भरून काढणारा कोणाला कमी ठरवत नाही. निरोगी पाय फुगवणारा मात्र नकळत दुसऱ्याच्या मनात उणीव पेरतो. अहिंसेचे व्रत घेणाऱ्याने या सूक्ष्म हिंसेचाही विचार करायला हवा. हाच विचार आपल्या केसांच्या रंगालाही लागू आहे, आणि मुलासमोर तो मान्य करण्यात आईचा कमीपणा नाही.

गोमटेश्वराचे पाय

आपल्या परंपरेने देहाला तुच्छ लेखले, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. पतंजलींनी विभूतिपादात देहाच्या संपत्तीचा उल्लेख केला आहे आणि त्यात रूप, लावण्य आणि बळ यांना स्थान दिले आहे. म्हैसूरच्या राजवाड्याने मल्लांना आश्रय दिला, तेथील दसऱ्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी लढत परंपरेने होत आली आहे. जगन्मोहन राजवाड्यात १९३० च्या दशकात टी. कृष्णमाचार्यांनी योगशाळा चालवली. तेथे देह घडवला जात होता, परंतु तो कशासाठी घडवायचा, याचे भान होते. घडवलेल्या देहाने काही करायचे होते.

म्हैसूरहून तासा-दोन तासांच्या अंतरावर श्रवणबेळगोळ आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाने तेथे उभारलेली बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंच मूर्ती आजही डोंगरमाथ्यावर उभी आहे. तिच्या पायाशी मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, म्हणून मराठी माणसाचे तिच्याशी वेगळे नाते आहे. मूर्तीची मुद्रा कायोत्सर्गाची, म्हणजे देहाचा मोह सोडून दिल्याची आहे. ध्यान इतके दीर्घ झाले की पायांवरून वेली चढल्या, वारुळे उभी राहिली. शिल्पकाराने ते सारे दगडात दाखवले आहे. मूर्तीच्या जुन्या वर्णनांत एक बारकावा नोंदलेला आढळतो. गुडघ्याखालचा भाग बाकीच्या देहाच्या प्रमाणात काहीसा आखूड आहे. हजार वर्षांत लक्षावधी लोक त्या पायांशी नतमस्तक झाले. पोटऱ्या प्रमाणात नाहीत म्हणून कोणी दर्शन न घेता परतला नाही. त्या मूर्तीकडे पाहताना आपण अवयव मोजत नाही, कारण तिच्यातून जे प्रकटते ते अवयवांहून मोठे आहे. माणसांच्या बाबतीतही असेच घडते. आपल्या आजोबांच्या, गुरुजींच्या, रात्रभर उशाशी जागणाऱ्या परिचारिकेच्या पोटऱ्या कशा होत्या, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल का?

घरात काय करावे?

एखाद्या घरात हा प्रश्न उभा राहिला, तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

प्रथम, ऐकावे. 'हे काय नवीन खूळ' असे म्हणू नये. कोणी काही बोलले होते का, कधीपासून असे वाटते, दिवसातून किती वेळ हा विचार येतो, हे शांतपणे विचारावे. पुष्कळदा मुळाशी शाळेतले किंवा वसतिगृहातले एखादे टोपणनाव असते. ते काढले की निम्मे ओझे उतरते.

दुसरे, पायाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पोटरी एकाच बाजूची बारीक असेल, अलीकडे बारीक होत चालली असेल किंवा पाय अशक्त वाटत असेल, तर त्यामागे मज्जातंतूचा किंवा मणक्याचा आजार असू शकतो. अशा वेळी रूपाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी उपचार करावेत. त्याचबरोबर मनाचीही तपासणी करण्यात संकोच बाळगू नये.

तिसरे, निर्णय पुढे ढकलावा, नाकारू नये. वर्षभर थांबण्याचा करार करावा. या वर्षात नियमित व्यायाम, पायऱ्या चढणे, पुरेसा आहार चालू ठेवावा. पोटरी किती भरेल ते प्रकृतीवर अवलंबून आहे, पण बळ नक्की वाढते आणि बळ वाढले की स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पोहणे पुन्हा सुरू झाले तर फारच उत्तम.

चौथे, इच्छा करणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत. मला ही उणीव कोणाच्या डोळ्यांनी दिसते? किती झाले म्हणजे मला पुरेसे वाटेल? निर्जन बेटावर राहायचे असते, तरी मी हे केले असते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले म्हणून इच्छा खोटी ठरत नाही. कावसजीचेही उत्तर कदाचित 'नाही' असेच आले असते. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर थांबावे. ज्या इच्छेला शेवट माहीत नाही, तिला शस्त्रक्रिया शेवट देऊ शकत नाही.

वर्षानंतर एखाद्या प्रौढ व्यक्तीने सर्व धोके समजून, कर्ज न काढता, घरच्यांशी बोलून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला, तर तिला पापी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. निरोगी पायाला शस्त्र लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मत असणे वेगळे आणि माणसाला दूर लोटणे वेगळे. निर्णय घेतलाच तर पात्रताप्राप्त प्लास्टिक सर्जन, सुसज्ज रुग्णालय आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत यांत तडजोड करू नये.

शेवटी एक छोटी साधना सुचवावीशी वाटते. आपल्याकडे रात्री झोपण्यापूर्वी पायांना तेल लावण्याची जुनी पद्धत आहे. आजपासून ती सुरू करावी. पोटरीवरून हात फिरवताना तिच्या घेराचा विचार न करता, दिवसभरात तिने आपल्याला कुठे कुठे नेले, ते आठवावे. कोणासाठी धावलो, कोणाच्या दाराशी गेलो, कुठे उभे राहिलो. ज्या दिवशी आठवण्याजोगे काही सापडणार नाही, त्या दिवशी उद्या पाय कोणाच्या कामी लावायचे, ते ठरवून झोपावे. आईने आणि मुलाने हे एकत्र केले, तर उपदेशाची गरजही फारशी उरणार नाही.